जनाआत्याचा चिकसा

आमच्या रिसोडच्या घरी जनाआत्या कुणालाही न्हाणीत धरून घासते. मळ निघो न निघो, एक किस्सा हमखास निघतो. सुट्टी संपवून अमरावतीला परतले की होस्टेलच्या मैत्रिणी आधी तेच मागतात. या खेपेचे किस्से सांगताना हसू येतंय, कारण सगळं निभावलं. नाहीतर आत्याशी जन्माचा अबोला धरणार होते मी.

* * *

जनाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आणि चिकसा म्हणजे तिचं उटणं. डाळीचं पीठ, हळद, गव्हला-कचोरा असं सगळं कुटून डब्यात भरलेलं असतं. एकदा मोठ्या काकूने त्याच डब्यातलं पीठ घेऊन पिठलं केलं.

काका दोन भाकरी खाऊन म्हणाले, "आज पिठल्याले वास मोठा झकास हाये."

आत्या एवढंच म्हणाली, "आता आतूनबी गोरा होशील."

* * *

मी अमरावतीहून तोंडाला लावायच्या स्नोची बाटली आणली होती. आत्याने ती हुंगून पाहिली.

"मळ न काढता वरून चुना लावता काय वं? पोपडे धरते भिंत."

दुसऱ्या दिवशी बाटली अर्धी झाली होती. आत्याच्या टाचा मात्र लोण्यासारख्या मऊ!

* * *

काकांची सिंधू, माझी चुलत बहीण, सावळी. दोन स्थळं रंगावरून परत गेली, तेव्हापासून आत्या तिचे कोपर टाचा घासायच्या वजरीने घासते. मी म्हटलं, "आत्या, कातडी संपली की खाली रंग नसतो, रक्त असतं."

"हे कालेजात शिकवलं?"

"हो."

"मंग फी वाया गेली तुया बापाची."

* * *

जऊळक्याच्या मास्तरचं स्थळ आलं तेव्हा मात्र गोष्ट गमतीची राहिली नाही. इंझोरीच्या लग्नात पंगत वाढताना सिंधूने त्याला पाहिलं होतं. कधी काही न मागणारी सिंधू मला म्हणाली, "शकू, हे जमलं पाह्यजे."

आत्याने ते ऐकलं. तिने चिकशात बिब्ब्याचं तेल कालवलं. टाचेच्या भेगेला लावतात तेच ते, कातडी जाळणारं! "जुनी कातडी गेली का नवी गोरी येते," असा तिचा हिशेब.

बिब्बा उतला. सिंधूचं तोंड सुजलं, मग गालांची सालं निघू लागली. आणि पाहुणे परवावर आलेले.

मी म्हटलं, "निरोप धाडा, पुढं ढकला."

काका म्हणाले, "तसं केलं तर पोरीले रोग हाये म्हनतीन."

"मग खरं सांगा ना, रोग नाही, आत्या आहे म्हणून."

कुणी हसलं नाही. सिंधू भिंतीकडे तोंड करून बसली. आत्या वाटीत खोबरेल घेऊन सिंधूच्या मागे मागे फिरत होती, आणि सिंधू तिला हात लावू देत नव्हती.

* * *

पाहुणे आले. मास्तर आणि त्याचे मामा. मास्तर टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. काकांनी आग्रहाने टोपी काढायला लावली.

कपाळ लालभडक, नाकाची सालं निघालेली, कान सुजलेले.

"उन्हानं झालं," मामा घाईने म्हणाले. आत्या दाराआडून टक लावून पाहत होती.

सिंधू पोह्यांची बशी घेऊन आली. पदर कितीही ओढला तरी गाल दिसतच होते. मामांनी खाकरून विचारलं, "पोरीले काही विचारतं काय रे?"

मास्तरने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बिब्बा?"

सिंधूने मान हलवली. "तुमालेबी?"

"मावशीनं."

मामांनी पोह्यात तोंड घातलं. मास्तरने हळूच विचारलं, "लई झोंबते काय?"

सिंधूने बशी त्याच्यापुढे सरकवली.

"खोबरेल लावा. अन् आता हळदीपर्यंत कोणाले तोंडाले हात लावू देऊ नका."