कडेचा पोचा

इमारतीत तिला सगळे टाकसाळबाई म्हणत. टपाल खात्यात सत्तावीस वर्षं पार्सलं तोलून झाल्यावर ती जुनी नाणी ऑनलाइन लिलावात विकू लागली होती. स्वतःची थोडी, लोकांची जास्त. कुणाच्या कपाटात, कुणाच्या शिवणाच्या डब्यात सापडलेली नाणी तिच्याकडे येत. ती तोलायची, भिंगाखाली धरायची, फोटो काढायची आणि वर्णन लिहायची. गुण एका ओळीत, दोष चार ओळींत. ‘नाकाच्या शेंड्याची झीज, डाव्या गालावर बारीक ओरखडा.’

“लग्नाआधी माझं असं वर्णन वाचलं असतंस तर बोलीच लावली नसतीस,” नवरा म्हणायचा.

“लावली असती. कमी लावली असती.”

त्या दोषांच्या यादीवरच तिचं नाव चाललं होतं. तिच्या पानावर गिऱ्हाइकांचे चारशे बारा शेरे होते, एकही वाईट नाही.

दोन मजले खाली राहणाऱ्या मास्तरांनी आपल्या थोरल्या भावाचं नाणं तिच्याकडे आणलं, ते त्यामुळेच. भाऊ बोटीवर नोकरीला होता, आता हयात नव्हता. चांदीचं नाणं, एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज.

“किंमत काय येईल ती येवो वहिनी,” मास्तर म्हणाले, “ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडे जाऊ दे.”

फोटोला सगळ्यात चांगला उजेड स्वयंपाकघराच्या खिडकीशी, सकाळी नऊला. दगडी ओट्यावर ती जाड टॉवेलची चौघडी पसरायची आणि त्यावर नाणं हाताळायची. त्या दिवशी टॉवेलवर नवऱ्याने धुतलेल्या बरण्या पालथ्या घातल्या होत्या. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून ती टॉवेलशिवाय तशीच उभी राहिली. सुती हातमोज्यातून नाणं साबणासारखं निसटलं आणि ओट्याच्या काठावर आपटून खाली गेलं.

“काय गं पडलं?”

“चमचा.”

चमच्यासारखं वाजलं नव्हतं. नवऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो बरण्या पुसू लागला.

नाण्याच्या कडेला पोचा आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तिने नाणं फिरवून फिरवून पोचा सावलीत जाईल असं ठेवलं आणि फोटो काढले. मग वर्णनात ‘कडा चांगली’ हे दोन शब्द लिहिले. एरवी चार ओळी लिहायला तिला जेवढा वेळ लागे, त्याहून जास्त त्या दोन शब्दांना लागला.

नाणं बऱ्या बोलीला गेलं आणि बाराव्या दिवशी परत आलं. घेणाऱ्या बाई जहाजांचीच नाणी जमवत होत्या. त्यांनी भांडण केलं नव्हतं, फक्त विचारलं होतं : ‘चारही फोटोंत कडेची तीच बाजू सावलीत कशी?’ हा प्रश्न आता तिच्या पानावर चारशे तेरावा शेरा म्हणून दिसत होता.

ती खाली गेली ती सगळं सांगायचं ठरवूनच. पण तोंडातून निघालं एवढंच, “नाणं परत आलं मास्तर. कडेला पोचा आहे म्हणतात.”

“अरेरे. माझ्याकडेच पडलं असणार,” मास्तर लगेच म्हणाले. “हात कापतात हल्ली. मला कळलंसुद्धा नाही बघा. आणि बोल तुम्हाला लागला.”

तिने नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, “असू दे हो,” आणि वर जिना चढताना त्या ‘असू दे’नेच तिचे कान तापले. चूक आपण केली आणि वर क्षमाही आपणच केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दोन मजले चढून आले. हातात रेघांचा कागद होता, मजकूर सुवाच्य, ओळी मात्र थरथरलेल्या. ‘दोष विक्रेत्या बाईंचा नाही. नाणं माझ्या हातून पडलं होतं आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.’

“हे तुमच्या पानावर टाका,” कागद तिच्या हातात देत ते म्हणाले. “माझं नाव घालून टाका. या वयात मला काय फरक पडतो?”

नवरा पेपर वाचत होता. त्याने पेपराची घडी घातली, तिच्याकडे न बघता ओट्याशी गेला आणि नळ सोडला.

“मास्तर, तुमच्या हातून नाही पडलं,” ती म्हणाली. “माझ्या पडलं. या ओट्यावर.”

मास्तरांना आधी समजलंच नाही. ते ओट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद हळूच तिच्या हातातून काढून घेतला आणि चार घड्या करून खिशात ठेवला.

“काल मी रात्रभर आठवत होतो,” ते म्हणाले, “कधी पाडलं असेन ते.”

ती फोन घेऊन बसली आणि त्या बाईंच्या शेऱ्याखाली उत्तर लिहू लागली. मास्तर समोर बसून राहिले. “वाचून दाखवा,” म्हणाले.

“‘नाणं मालकांनी दिलं तेव्हा निर्दोष होतं. माझ्या हातून ते चुकून पडलं. चुकून पोचा फोटोत आला नाही.’”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले, वर्गात एखादं उत्तर ऐकावं तसे.

“पहिलं ‘चुकून’ राहू दे,” ते म्हणाले.

तिने दुसरं खोडलं. पण उरलेलं वाक्यही खोटंच होतं, म्हणून तेही खोडून तिने नवं लिहिलं : ‘पोचा मी सावलीत लपवला.’ ते मात्र तिच्याने मोठ्याने वाचवेना. तिने फोनच मास्तरांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मान हलवली आणि भावाचं नाणं परत मागितलं.