दोघी जावा, एक तबकडी

जखमेवर लावायच्या जेलच्या पट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात थोरली जाऊ कितीतरी वर्षं एकाच यंत्रावर होती. दोन तबकड्यांमध्ये जेलची चकती ठेवायची, वरची तबकडी अलगद मागेपुढे डोलवायची, की जेल किती घट्ट ते यंत्र सांगायचं. पण जेल पडलं नाठाळ. आज एक आकडा, उद्या दुसराच. "मऊ मालाचं असंच असतं," थोरली म्हणायची आणि सगळे माना डोलवायचे.

मग तिनंच शब्द टाकून धाकट्या जावेला तिथं लावून घेतलं. थोड्याच दिवसांत धाकटीचे आकडे साच्यातून काढल्यासारखे एकसारखे यायला लागले. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला तिचा आलेख दाखवायचे. घरी सासूबाईंनी री ओढली, "धाकटीचा हातच वेगळा गं!" थोरलीचा तिळपापड झाला. घासाघासाला तिला तो हात दिसायचा.

'काहीतरी लबाडी आहे,' तिच्या मनानं घेतलं. धाकटी जेवायला गेल्यावर तिनं तिच्याच घाण्यातल्या दोन चकत्या घेतल्या, एक जाड, एक निम्मी पातळ. माल एकच, तर घट्टपणाही एकच यायला हवा. पातळ चकती कितीतरी मऊ निघाली! म्हणजे जेलला सुटलेल्या पाण्यावरून तबकडी घसरत होती, आणि चकती जितकी पातळ तितकी ती घसरण आकड्यात जास्त उतरत होती. रोज सारखीच घसरायची, म्हणून आकडा रोज सारखा. सारखा, पण खोटा.

थोरलीला आनंदाचं भरतं आलं. मग सहज तिनं आपल्या घाण्यातल्या चकत्या लावल्या. तिथंही तेच. फरक एवढाच, की तिची तबकडी कधी कमी घसरायची, कधी जास्त.

म्हणजे धाकटीला पाडायचं तर आधी स्वतः पडायचं. दोन दिवस ती तेच खोटे आकडे लिहीत राहिली. तेवढ्यात साहेबांनी धाकटीचा आलेख फ्रेम करून भिंतीवर लावला. थोरली तडक त्यांच्या खोलीत शिरली.

"साहेब, तिचे आकडे चुकीचे आहेत."

"आणि तुमचे?"

"माझेही. पहिल्यापासून."

आपलं नाक कापून जावेला अपशकुन केला होता तिनं. साहेबांनी धाकटीला बोलावून घेतलं; तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "वहिनी, तबकड्यांना खरखरीत पॉलिशपेपर चिकटवून बघू या? घसरणार नाही."

चिकटवला. जाड आणि पातळ चकती पहिल्यांदाच जुळली, आणि जेल समजत होते त्याच्या दुप्पट घट्ट निघालं. पट्टी गुडघ्यावर वाकत नाही, निघून येते, अशा तक्रारी का येत होत्या ते आत्ता कळलं.

"वा! धाकटीचं डोकं!" साहेब म्हणाले.

थोरलीनं ओठ चावला.

घरी जाताना धाकटीनं विचारलं, "जाड-पातळ लावून बघायचं तुम्हाला सुचलं कसं?"

"तुझ्यावर जळत होते म्हणून," थोरली बोलून गेली.

धाकटी हसली नाही. म्हणाली, "जळा खुशाल. पण सापडेल ते आधी मला सांगत जा. भिंतीवर टांगल्यावर नको."

पुढे दोघी एकमेकींच्या चकत्या तपासायला लागल्या. जेल मऊ केलं गेलं, तक्रारी थांबल्या. जळणं काही थांबलं नाही. साहेबांनी परगावच्या परिषदेत बोलायला धाकटीला पाठवलं, तेव्हा तिची बॅग थोरलीनंच भरून दिली. चेन मात्र इतक्या जोरात ओढली, की ती तुटली.