नुसते येणारे फोन

"बेटा, इस्तेमाल कितना है तुम्हारा?" रिचार्जच्या दुकानातले अंकल विचारत होते आणि मला उत्तरच देता येईना. कडेवर सात महिन्यांची पोरगी, अर्धा रस्ता पळत आलेली. वापर किती म्हणजे काय सांगायचं? मी कोणाला फोन लावत नाही. मला फोन येतो. आठवड्यातून एकदा येतो, आणि तो आला नव्हता.

पण आधीचं आधी सांगते, नाहीतर कळणार नाही.

आमचे हे फौजेत आहेत. तेव्हा ते पहाडात होते, कुठल्या पहाडात ते मला माहीत नाही, विचारायचंही नसतं. मी आणि पोरगी दिल्लीत, छावणीतल्या क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, वरून विमानं एवढी खाली जातात की पोरगी दचकून झोपेतनं उठते. मी नववीपर्यंत शिकले, गावच्या शाळेत. मराठी भरभर वाचते, हिंदी अडखळत, इंग्रजी आलं की डोळे नुसते फिरतात त्यावरून.

ह्यांचा फोन रविवारी यायचा, अकराच्या सुमाराला. तिकडे सगळ्यांना मिळून एक फोन, जवानांची लाइन लागते, प्रत्येकाला पाच मिनिटं. लागला तर लागला, नाही लागला तर मागचा पुढे येतो. नंबर दर वेळेला वेगळा. कधी तर नंबर म्हणावा असा पण नाही, नुसते कसलेतरी आकडे. म्हणजे मी उलटा लावूच शकत नाही. ते लावणार, मी उचलणार, बस.

आणि इकडे आमच्या बायकांच्या मीटिंगमध्ये एक मॅडम दर वेळेला सांगणार, अनजान नंबर उठाना नहीं, मेसेज खोलना नहीं, लिंक दबाना नहीं, एका बाईचं सगळं खातं साफ झालं. मला आधीच कशाचीही भीती वाटते. अनजान नंबर तर मी उचलणारच, कारण माझा नवराच अनजान नंबर. मग निदान मेसेज तरी नको म्हणून मी आला मेसेज की डिलीट, आला की डिलीट, वाचायचाच नाही. फार शहाणपणा केला असं वाटायचं मला.

अजून एक गोष्ट इथे आल्याआल्या शिकवली गेली. शेजारच्या भाभींनी शिकवली. त्या नगरकडच्या, मराठीच, पण इथे सगळ्या बायका एकमेकींना भाभीच म्हणतात, म्हणून मी पण भाभी म्हणते. त्यांचे मिस्टर ह्यांच्याच युनिटमध्ये. भाभी म्हणाल्या, "फोनवर रडायचं नाही. पोरगं आजारी पडलं, सासू पडली, गॅस संपला, काही असू दे, तिकडे सांगायचं, सब ठीक है. तिथे त्यांना काही करता येत नाही, उगाच डोक्यात घेऊन ड्यूटीला उभं राहायचं. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाटेवरून सांगितलं, सब ठीक है, भेंडीची भाजी केलीय."

मी पण तसंच बोलायला शिकले. सगळं ठीक आहे. जेवलात का. थंडी आहे का. सगळं ठीक आहे.

दिवाळीनंतर दिल्लीत तो धूर बसतो ना, सकाळी समोरची बिल्डिंगच दिसत नाही, तेव्हा पोरीला खोकला झाला. गावी माझी आई रोज व्हिडिओवर तिला बघायची. आई म्हणाली, दाखव तिला, छाती कशी उडते ते दाखव. आणि दाखवता दाखवता नेट बंद. मी तशीच दुकानात गेले, म्हटलं, "अंकल, रिचार्ज कर दो, नेट नहीं चल रहा." ते म्हणाले, "छोटा वाला कर दूँ?" मी म्हटलं, कर दो. नेट लगेच सुरू झालं. घरी येऊन मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिक केली आणि तिथून पुढे अठ्ठावीस दिवस मोजले. मला वाटलं, झालं की महिन्याचं.

त्या रविवारी ह्यांचा फोन आला तेव्हा पोरगी माझ्या मांडीवर तापाने फणफणलेली होती. मी म्हणणार होते, सगळं ठीक आहे. तोंड उघडलं आणि निघालं, "अहो, तिला लई ताप आहे हो, दूध पण घेत नाही, मला भीती वाटते." आणि रडायलाच लागले. मग हे म्हणाले, "हॉस्पिटलला ने. आत्ता ने. ऐक, पुढच्या रविवारी मी फोन करतो. त्याच्यानंतर मला वर जायचंय, दीड-दोन महिने तिथून फोन नाही. रविवारी नक्की करतो. कळलं?"

मी म्हटलं, कळलं.

सोमवारी नेट परत गेलं. माझं लक्ष कुठे होतं. भाभींनी गाडी केली, पोरीला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये भरती केलं, न्यूमोनिया म्हणाले, हाताला सुई, तोंडाला मास्क. बुधवारी आईचा साधा फोन आला, बोलणं झालं. म्हणजे फोन चालू आहे, एवढं मी बघितलं. नेटशिवाय काय अडतंय? मला लावायचं कोणाला होतं? शुक्रवारी ताप उतरला. शनिवारी दुपारी आम्ही घरी. पोरगी भाभींच्या कडेवर जाऊन त्यांची नथ ओढत हसली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

रविवारी मी नऊलाच तिला आंघोळ घालून, पावडर लावून, फोन चार्ज करून बसले. काय बोलायचं ते पाठ केलं. अहो, ताप गेला. अहो, घरी आली. अहो, ऐका तिचा आवाज. अकरा वाजले. बारा वाजले. फोनवर रेघा सगळ्या भरलेल्या, रेंज पूर्ण. मी फोन बंद करून चालू केला. दोन वाजले. मी जेवले नाही.

संध्याकाळी भाभी आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात.

"तुझा फोन कुठे आहे?"

"हा काय. हातातच आहे."

"मग बंद का सांगतोय? आमच्या ह्यांचा आला होता आत्ता. तुझे साहेब सकाळी लाइनीत उभे राहिले, लावला, तर ती बाई बोलते, या नंबरवर सेवा उपलब्ध नाही. परत शेवटी जाऊन उभे राहिले. परत तेच. तिसऱ्यांदा कोण उभं राहू देणार? सगळ्या जगाचे फोन उचलतेस गं तू, क्रेडिट कार्डवाल्याशी पण हॅलो हॅलो करतेस, आणि घरच्या माणसालाच बंद?"

भाभींनी स्वतःच्या फोनवरून मला लावून बघितला. माझ्या हातातला फोन गप्प आणि त्यांच्या कानात ती बाई बोलतेय, मला पण ऐकू आलं.

"उद्या पहाटे वर निघणार ते," भाभी म्हणाल्या.

तेव्हा मला नीट कळलं. ह्यांनी माझ्याकडून शेवटचं काय ऐकलं होतं? लई ताप आहे, दूध घेत नाही, भीती वाटते. आणि त्याच्यानंतर फोन बंद. हे डोक्यात घेऊन ते दोन महिने बर्फात बसणार.

भाभींच्या मी पायाच पडले. त्या म्हणाल्या, "उठ गं, येडी का तू. आमचे हे खालीच आहेत, फोन आला की सांगते मी, वायरलेसवरून वर निरोप देतील. मुलगी ठीक है. एवढं तर जाईल."

त्यानंतरची सोमवारची सकाळ, तीच जिथून मी सुरुवात केली. अंकलनी माझा नंबर मशीनमध्ये घातला आणि चष्म्यावरून बघितलं. "बेटा, वो तो मैंने डेटा डाला था. तुमने बोला नेट नहीं चल रहा. प्लान तो उसके बाद खत्म हो गया. पहले जाने वाले फोन बंद, फिर आने वाले भी बंद. मेसेज आए होंगे?"

आले असतील. पाच-सहा आले असतील. मी सगळे डिलीट केले होते, मॅडमनी सांगितलं म्हणून.

अंकलनी काचेखालचा कागद माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवत ठेवत सांगायला लागले. हा रोजचा दीड जीबी, अठ्ठावीस दिवस. हा दोन जीबी, चौऱ्याऐंशी दिवस, यात पिक्चर फ्री. हा सालभराचा. "अब बताओ, इस्तेमाल कितना है? दिन में कितना बात करती हो? वीडियो देखती हो?"

मी म्हटलं, "फोन आना चाहिए."

"फोन तो सब में आता है."

"नहीं, ऐसा कौन सा है जो बंद ही ना हो?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "ऐसा तो कोई नहीं है, बेटा." मग कागद उलटा करून खालच्या कोपऱ्यातली एक ओळ दाखवली. त्यात नेट नाही, काही नाही, नुसतं बोलणं, पण वर्षभर. "ये कोई लेता नहीं. बुज़ुर्ग लोग लेते हैं."

मी तोच घेतला. अंकल म्हणाले, नेट के बिना मन नहीं लगेगा. मी म्हटलं, नको मन लागायला. आईला सांगितलं तर ती चिडली, "म्हणजे नातीचं तोंड बघायचं नाही का आम्ही? दात येतील तिला आता." दात खरंच आले, खालचे दोन, आणि आईने ते बघितले नाहीत. मी फोनवर तिला सांगायची, पांढरे आहेत, तांदळासारखे. ती म्हणायची, हं.

तारीख मी कॅलेंडरवर लिहिली नाही, दाराच्या मागे खडूने लिहिली, मोठी. मेसेज आता एकेक अक्षर लावून वाचते. आणि तरी विश्वास बसेना, म्हणून भाभींना सांगून ठेवलं, रोज सकाळी एक मिस कॉल द्या. त्या दूध आणायला जाताना द्यायच्या आणि जिन्यातून ओरडायच्या, "जिवंत आहे गं तुझा फोन!" सगळी बिल्डिंग हसायची. मी पण हसायची. मग दार लावून परत फोन बघायची.

अनजान नंबर तर काय, पहिल्या रिंगला. लोनवाला, प्लॉटवाला, इन्शुरन्सवाली. हॅलो म्हणताना माझा आवाज एवढा कापायचा की एक पोरगी तिकडून म्हणाली, मॅडम, आप ठीक तो हो ना? मी म्हटलं, सब ठीक है.

भाभींच्या मिस्टरांनी सांगितलं होतं, निरोप वर गेला. मी त्याच्यावर दिवस काढले. जानेवारीत, धुक्यात, दुपारी एकला फोन वाजला. रविवार पण नव्हता.

"हॅलो," हे म्हणाले. आणि गप्प.

काहीच विचारेनात. नुसता श्वास ऐकू येत होता. विचारायला घाबरत होते ते. एवढा मोठा माणूस.

"अहो, बरी आहे ती," मी एका दमात बोलले, "ताप तेव्हाच गेला, शनिवारीच घरी आली, फोनचा प्लान संपला होता हो, माझीच चूक, दोन दात आलेत, बसते आता."

"हं."

"तुम्हाला निरोप नाही मिळाला का?"

"मिळाला. मुलगी ठीक है." मग म्हणाले, "सगळ्यांना तोच निरोप येतो गं."

मीच तर शिकले होते ते बोलायला. भाभींनी खाटेवरून भेंडी सांगितली होती. तिथे वर बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं, इकडून ठीकच सांगणार.

"तिला दे," हे म्हणाले.

मी फोन तिच्या तोंडाला लावला. दिवसभर बडबडणारी पोरगी, आ आ, बा बा, आणि फोन बघून डोळे मोठे करून बसली. ओठ घट्ट. "बोल ना गं, पप्पा आहेत, बोल." ती फोनकडे बघतेय नुसती. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "चलो भाई, टाइम हो गया." हे काहीच बोलत नव्हते. ऐकत होते. तिकडे त्या शांततेत ते काय ऐकत होते ते मला कळलं.

मी तिच्या मांडीला चिमटा काढला. जोरात.

ती एवढ्या मोठ्यांदा रडली की भाभी त्यांच्या घरातून बाहेर आल्या. मी उचलायला गेले, शू शू करायला, तर फोनमधून आवाज आला, "थांबवू नको. रडू दे. रडू दे तिला." आणि मग ह्यांचा आवाज पण फुटला, आणि फोन कटला.

मांडीवर काळानिळा डाग पडला, दोन दिवस राहिला. मी खोबरेल तेल लावलं. भाभींनी विचारलं, काय चावलं गं हिला? मी म्हटलं, मच्छर. दिल्लीत जानेवारीत मच्छर नसतात.

पुढच्या रविवारी अकराला फोन आला. हे आधी म्हणाले, तिचा आवाज ऐकव. मी फोन घेऊन तिच्याजवळ बसले, हात पण लावला नव्हता, नुसता फोन जवळ नेला. तिने फोन बघितला, तोंड वाकडं केलं, आणि आपोआप रडायला लागली.

तिकडे हे हसले. "शाब्बास," म्हणाले.