चिकटपट्टीची वायर

कोर्टात टायपिंग करणारे ते गृहस्थ संध्याकाळी रत्नागिरीच्या सायबर कॅफेत माझ्या शेजारी बंदुकीचा गेम खेळत. चाळिशी उलटलेली, पण नेम पक्का. हेडफोन घरचा, त्याच्या वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी. देवरूखच्या संघाशी सामना ठरला तेव्हा त्यांनी आधीच रजा टाकली.

मालकाने दोन्ही संघांसाठी बिनवायरीचे हेडफोन आणले. "प्रमुख पाहुणे येणार, काका. वायरी बऱ्या दिसत नाहीत. हे घाला, नाहीतर संघात नाही."

"पाहुणे खेळ बघायला येतायत की वायरी मोजायला? नाही घालणार मी, जा!"

नाव कापलं गेलं. तरी सामन्याला येऊन ते मागच्या बाकावर बसले. नारळ फुटला, भाषणं झाली, खेळ सुरू झाला. सगळे हेडफोन एकाच चॅनलवर, त्यामुळे देवरूखकरांचे बेत रत्नागिरीकरांना आणि रत्नागिरीकरांच्या शिव्या देवरूखकरांना ऐकू येऊ लागल्या. मालकाने घाम पुसत कपाटातले जुने वायरीचे हेडफोन काढले. "काका, या, बसा आता."

"माझ्या वायरीसकट?"

"सकट. मेहेरबानी करा."

ते बसले. फोटोग्राफर म्हणाला, "काका, वायर जरा मागे घ्या."

त्यांनी ती शर्टावर पुढे ओढली आणि मगच कॅमेऱ्याकडे बघितलं.