‘अप्सरा’ हा शब्द माझा होता

शैलजा मॅडम गेल्याचं मला द्वारका चौकातल्या सिग्नलला कळलं. रिक्षात होतो. त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. “काका, आई गेली.” सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले... आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता माफी मागायची राहिली. दीड महिना झाला, तो विचार काही जात नाही.

आम्ही एकाच चित्रकला महाविद्यालयात होतो. मॅडम कलेचा इतिहास शिकवायच्या, मी मराठी. अठराव्या शतकातली फ्रेंच रोकोको चित्रं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गुलाबी ढग, गुबगुबीत बाळं आणि त्यांच्यात लोळणाऱ्या व्हीनस, डायना अशा रोमन देवी. “मॅडम, तुमच्या देवींना कामधंदा नाही का काही?” असं मी चिडवलं की मनापासून हसायच्या. माहेर वणीचं. गडावर गेलं की आधी देवीचे पाय बघायचे, मग मुख, ही लहानपणची सवय त्यांनी वर्गात आणली होती. पडद्यावर आंघोळ करून बसलेली डायना आली की मुलं खुसखुसायची, मुली वहीत बघायच्या. मॅडम म्हणायच्या, “पायांपासून सुरू करा. टाचा बघा, किती लाल झाल्यात. थंड पाण्यातून आत्ता बाहेर आलीय ती.” पाच मिनिटांत वर्ग शांत व्हायचा.

मग त्यांचं एक जाहीर व्याख्यान ठरलं, ‘रोकोको चित्रांतल्या देवी’. निमंत्रणपत्रिकेचं काम माझ्याकडे होतं. विषय कळताच एका पालकाचा फोन आला, “नवरात्र तोंडावर आलंय आणि तुम्ही उघड्या बायकांना देवी म्हणता?” मी घाबरलो. मॅडमना न विचारता ‘देवी’ खोडून ‘अप्सरा’ केलं आणि पत्रिका छापायला दिली. वर वाद मिटवला म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

छापलेली पत्रिका घेऊन त्या स्टाफरूममध्ये आल्या. आवाज चढलेला नव्हता. “सर, अप्सरेला कुणीतरी पाठवतं. कुणाची तरी तपश्चर्या मोडायला. ही डायना स्वतःसाठी आंघोळ करतेय. तुम्ही तर भाषेचे मास्तर...” व्याख्यान त्यांनी दिलं नाही. पुढे निवृत्तीपर्यंत रोकोको दहा मिनिटांत उरकायच्या. माझ्याबरोबरचा दुपारचा चहा मात्र त्यांनी कधी चुकवला नाही. तेच मला जास्त लागायचं. रोज वाटायचं, आज बोलू. रोज कप खाली ठेवून उठायचो.

महिन्याच्या श्राद्धाला त्यांच्या इंदिरानगरच्या घरी गेलो. नातेवाईक जमले होते. त्यांच्या खोलीत भिंतीवर त्यांनी लावलेलं डायनाचं चित्र अजून होतं. मुक्ता म्हणाली, “काका, येणारे-जाणारे विचारतात, ही बाई कोण? मामी म्हणतेय, काढून ठेव. काय सांगू मी?” पाच-सहा जण माझ्याकडे बघायला लागले.

“देवी आहे,” मी म्हणालो. इतक्या हळू, की मुक्तानं पुन्हा विचारलं, “कोण?”