अद्रकाच्या वड्या

माझी मुलगी पोटात होती तेव्हाची गोष्ट. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या होत्या, नवऱ्याची स्टील प्लांटमध्ये शिफ्ट. भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये दिवसभर मी आणि सासरे. तेही प्लांटमधूनच रिटायर झालेले, अबोल. लग्नाला वर्ष होत आलं तरी आमचं बोलणं 'जेवायला वाढू का' आणि 'वाढ' एवढंच.

सकाळपासून मला मळमळायचं. पोळीचा वाससुद्धा सोसवायचा नाही. एकदा उलटी करून मोरीतून बाहेर आले, तर सासरे पाण्याचा गडवा घेऊन उभे.

"डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं?"

"थोडं थोडं खा म्हणाल्या. थोडं अद्रक चालेल. पाणीही पोटात राहिलं नाही, तर मात्र लगेच या म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली, सायकल काढली आणि बाजारात गेले.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून किसणीचा आवाज आला. जाऊन पाहते तर सासरे गॅसपुढे, कढईत साखर आणि किसलेलं अद्रक.

"बाबा, तुम्हाला वड्या येतात?"

"जिंदगी भट्टीपुढं गेली माझी. साखर नाही वितळवता येत का मले? तू भायेर बस."

पण पाक फार पुढे गेला. ताटात थापलेलं मिश्रण दगडासारखं झालं. सुरी वाकली. मग त्यांनी ते फडक्यात गुंडाळून पायरीवर ठेवलं आणि हातोडीने फोडायला घेतलं. एक तुकडा उडून थेट शेजारच्यांच्या स्कूटरखाली गेला. मला हसू आवरेना. त्यांनी गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांचेही खांदे हलायला लागले. हा माणूस आवाज न करता हसतो, हे मला तेव्हा कळलं.

मी तुकडा चघळला. तिखट, गोड. पोट जरा शांत झालं आणि दुपारी अर्धी पोळी टिकली. उलट्या काही एकदम थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. मग रोज सकाळी आम्ही पायरीवर बसायचो. मी वडी चघळायचे, ते त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायचे.

महिन्याभराने सासूबाई परतल्या. आम्हाला पाहून पिशवी हातात तशीच धरून त्या फाटकात थांबल्या.

"हे कवापासून इतकं बोलून राहिले?" त्यांनी मला विचारलं.