वडीगोद्रीहून नांगर बघायला

माझ्या गाडीची डावी काच वर जाताना शेवटची दोन बोटं उरली की थांबते. जालन्यातल्या तीन गॅरेजांनी तिच्यापुढे हात टेकले आहेत. ताशी साठच्या वर गेलं की त्या फटीतून शीळ सुरू होते आणि जालना ते चिपळूण, पाचशेच्या वर किलोमीटर, ती एकाच स्वरात वाजत राहते. सामगान करणारेसुद्धा मध्ये श्वास घेतात. या अन्यायाची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून इथे करतो. त्या काचेशेजारी बसलेला शेषराव गेवराईपासून घोरत होता, हेही नोंदवतो.

शेषराव माझा शाळेतला सोबती. वडीगोद्रीला त्याची मोसंबीची बाग आणि कापूस. मी नवीन जालन्यात संस्कृत शिकवतो, म्हणजे ज्यांना दुसरा विषय मिळाला नाही त्यांना. त्याचा मुलगा अमोल तीन वर्षांपूर्वी माझ्या घरी बसून जहाजावरच्या कोर्सचा अर्ज भरून गेला. आमच्या जालन्यात ड्रायपोर्ट आहे. बंदराला लागतं ते सगळं आहे, समुद्र तेवढा नाही. तो शोधायला पोरगा बाहेर पडला. कोळशाच्या जहाजावर नऊ महिने काढून त्याचा करार संपत आला होता. जहाज कोकणातल्या एका व्यापारी बंदराबाहेर येऊन थांबणार, गुरुवारी लाँच त्याला किनाऱ्यावर आणणार, असा फोन आला. शेषराव म्हणाला, आणायला आपणच जाऊ. (बंदराचं नाव लिहीत नाही, बापलेकांची नावंही बदलली आहेत. अमोलला विचारून लिहितोय.)

बुधवारी पहाटे निघालो. वडीगोद्रीला वहिनींनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत ठेवली. पोराला उन्हातून आणू नका, घाट जपून चढा, एवढंच सांगितलं. शहागडला पुलाअलीकडे ट्रकांच्या रांगेत चहा झाला. पुढे गेवराई, पाथर्डी, नगर असा रस्ता बरा आहे. पुण्याने मात्र दोन तास खाल्ले. जाणाऱ्यांनी पुणं दहाच्या आत मागे टाकावं आणि उंब्रज, पाटणवरून कुंभार्ली घाट उजेडी उतरावा.

उंब्रजला अमोलचा वडिलांना फोन आला. "दादा, सकाळी नांगर टाकला." शेषरावाचा चेहरा उजळला. मी शिक्षक असल्यामुळे मला राहवलं नाही. शेतातला नांगर संस्कृत लाङ्गलापासून, जहाजाचा फारसी लंगरपासून. दोघं दोन वाटांनी आले आणि मराठीत एकाच नावाने राहू लागले, असं पाटण येईपर्यंत समजावलं.

"दोन वस्तूला एकच नाव?" शेषराव म्हणाला. "शब्द कमी पडले व्हय तुमच्याकडं?" मग थोडा विचार करून, "म्हंजे आपला माती धरून चालतो, त्येचा धरून उभा राह्यतो."

एवढं एका वाक्यात होत असेल तर मी तीस वर्षं काय केलं, हा प्रश्न मी घाटावर ढकलला.

चिपळूणला बाराशेच्या खोलीत उशा विटेसारख्या होत्या. जेवणात सोलकढी आली. शेषरावाने एक घोट घेतला, पेला लांब सरकवला आणि ताक बिघडलंय असं वाढप्याला सांगितलं.

गुरुवारी बंदराच्या फाटकावर पासचा अर्ज. 'येण्याचे प्रयोजन' या रकान्याला जेमतेम एका शब्दाची जागा. मी 'पुत्रदर्शन' लिहिलं. समास शिकल्याचा आयुष्यात प्रथमच उपयोग झाला. आत जहाजाच्या एजंटचा कारकून भला माणूस निघाला, पण बातमी वाईट होती. समुद्राला लाट होती, लाँचसेवा बंद. जहाजाच्या शिडीखाली लाँच दोन-दोन मीटर वरखाली होत असेल तर माणूस उतरवायचा नाही, हा नियम. बरोबरच आहे म्हणालो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसलो.

तिथे लाँच चालवणारे दाऊदभाई रिकामे बसले होते. त्यांनी दुर्बीण दिली. क्षितिजावर सहा जहाजं. आमचं डावीकडून तिसरं. पुढच्या टोकाला काळा गोळा चढवलेला. नांगर टाकलाय, अंगावर येऊ नका, असा त्याचा अर्थ. जहाजाने स्वतःच्या मनाने कुठेही थांबायचं नाही, दाऊदभाई सांगत होते; बंदर जागा नेमून देतं, दोन जहाजांत अंतर ठेवायचं, येण्याजाण्याची वाट मोकळी सोडायची, बिनतारी यंत्र चोवीस तास कानाशी. शेषराव सगळं ऐकत होता. मग म्हणाला, "खाली माती कसली हाय?"

दाऊदभाई त्याच्याकडे वळले. "वीस वर्षं लोकांना जहाजं दाखवतोय, हे कोणी विचारलं नाही. चिखल आहे, चिकट. धरतो बरा."

"मुरूम न्हाई ना?"

"नाही. खडक दक्षिणेला, तिथे नांगर टाकायला मनाई."

"मंग बराबर हाय."

दाऊदभाईंना माणूस आवडला. त्यांनी पुढचं सांगितलं. नांगरापेक्षा तळावर पडलेल्या साखळीचं ओझं जहाजाला धरून ठेवतं. वारा वाढला की साखळी आणखी सोडायची, इंजिन तयार ठेवायचं आणि वर कोणीतरी जागं राहायचं. "जहाज सरकलं तर ते जागत्या माणसालाच कळतं," ते म्हणाले.

शुक्रवारीही लाँच बंदच. शेषराव पाण्याची बाटली भरायला गेला आणि माझा फोन वाजला.

"काका, दादा जवळ हायेत का?" अमोलने आधी ते विचारून घेतलं. त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता. कॅप्टनने दोन महिने वाढवून मागितले, याने सही केली. तो उतरणार नव्हता. मग त्याने आवाज खाली आणला.

"काल पहाटे नांगर सरकला, काका. वॉचवर मी होतो. डोळा लागला माझा, उभ्याउभ्या."

दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ध्यानात आलं, इंजिन चालू केलं, शेजारचं जहाज लांब होतं, काही झालं नाही. सहा तास काम, सहा तास सुट्टी, आणि माणसं कमी म्हणून सुट्टीतही काम. विश्रांतीचे तास लिहायचा तक्ता असतो ना, मी विचारलं.

"हाय की. बराबर भरून राह्यलो. नियमाचे दहा तास रोज लिहितो."

शेषरावाला मी फक्त सहीचं सांगितलं. तो दुर्बीण घेऊन बराच वेळ उभा राहिला. एवढ्या लांबून माणूस दिसत नाही, हे दाऊदभाईंनी त्याला सांगितलं नाही. मीही नाही. निघताना त्याने विचारलं, नांगर धरून आहे ना. आहे म्हणालो. त्या वेळी तो धरूनच होता.

कुंभार्ली चढताना मला राहवेना. कोर्सची वाट मीच दाखवली होती. सगळं सांगितलं.

"किती येळ झोपला?"

"दोन-तीन मिनिटं, म्हणाला."

पाटण आलं. मग म्हणाला, "रातची लाईट असली की पाणी देताना मी बी उभ्याउभ्या झोपलोय. माझं फकस्त पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं." आणि नंतर, "त्याच्या आईला मी सांगीन. तू नको."

शनिवारी दुपारी वडीगोद्री. वहिनींनी आधी मागच्या सीटवर पाहिलं, मग आमच्याकडे.

कोणी असं कुणाला आणायला जाणार असेल तर हाताशी चार दिवस ठेवा, ओळखपत्राच्या प्रती न्या, लाँच चालू असल्याचं कळल्याशिवाय घर सोडू नका. आठवडा झाला, माझी कंबर अजून कुरकुरते. अमोलचं जहाज कोळसा उतरवून निघालं आहे. पुढच्या बंदराबाहेर पुन्हा थांबेल. माती कसली, साखळी किती, हे बघायला तिथेही माणसं असतील. मला काळजी आहे ती तो पुन्हा झोपेल याची. कागदावर त्याची झोप पूर्ण झालेली आहे, त्यामुळे त्याला कोणी विचारणार नाही.